सॉफ्टवेअर स्लो झालं की रीस्टार्टच्या आधी काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमाने

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या पतसंस्था, उद्यमबागेतले कारखाने, साखर कारखान्यांचे वजनकाटे, दवाखाने यांच्याकडे साधारण एकसारखी मांडणी दिसते. मुख्य कार्यालयात एक-दोन सर्व्हर, त्यावर डेटाबेस, आणि शाखांतून व्हीपीएनने (इंटरनेटवरून केलेल्या खासगी जोडणीने) किंवा ब्राउझरने जोडलेली दहा ते शंभर यंत्रं. संकेश्वरहून "भाळ स्लो ऐत्री सर" (कन्नडमध्ये, फार स्लो आहे सर) असा फोन आला की बहुतेक ठिकाणी काम उलट्या क्रमाने सुरू होतं. आधी रीस्टार्ट, मग मेमरी, मग नवा सर्व्हर, आणि मोजमाप सगळ्यात शेवटी, तेही कुणाला सुचलं तर. रीस्टार्टने त्रास तात्पुरता थांबतो, पण त्याच्याबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून तीच तक्रार चार दिवसांनी परत येते.

खालचा क्रम अशा मांडणीसाठी आहे. उदाहरणं एका कल्पित पतसंस्थेची: मुख्य कार्यालय बेळगावात, शाखा निपाणी, संकेश्वर आणि खानापूरला.

टप्पा १: तक्रार नीट लिहून घ्या

फोनवर पाच गोष्टी विचारा आणि वहीत किंवा शेअर केलेल्या शीटमध्ये लिहा.

१. घड्याळातली वेळ. "मघाशी" किंवा "सकाळपासून" चालणार नाही, "११ वाजून २० मिनिटं" हवं.
२. शाखा आणि कोणतं यंत्र.
३. कोणती स्क्रीन, कोणतं बटण दाबल्यावर.
४. किती सेकंद लागले. मोबाईलचं स्टॉपवॉच लावायला सांगा.
५. शेजारच्या यंत्रावर तेच काम कसं चालतं?

पाचव्या उत्तराने निम्मा शोध संपतो. एकाच यंत्रावर त्रास असेल तर सर्व्हरला हात लावायचं कारण नाही. एकाच शाखेत असेल तर आधी नेटवर्क बघा. सगळ्या शाखांत पण एकाच स्क्रीनवर असेल तर त्या स्क्रीनची क्वेरी, म्हणजे तिने डेटाबेसकडे केलेली मागणी, बघा. सगळीकडे सगळंच अडकत असेल तर सर्व्हर किंवा डेटाबेसमधलं लॉक, म्हणजे एकाने धरलेली नोंद सुटेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी अडवणूक.

चौथं उत्तर म्हणजे सेकंदांचा आकडा. तो दर वेळी नेमका तोच येत असेल तर बहुधा कुठलातरी टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची ठरलेली मर्यादा, पुरा होतोय:

- ५ सेकंद: लिनक्सवर नावाचा पत्ता शोधणारा पहिला डीएनएस उत्तर देत नाही.
- १५ सेकंद: डॉटनेटमधून एसक्यूएल सर्व्हरशी जोडणी होत नाही, किंवा पूलमधली (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातली) जोडणी मोकळी मिळत नाही.
- ३० सेकंद: डॉटनेटमधली क्वेरी वेळेत संपली नाही. जावामध्ये हिकारी पूल असेल तर मोकळी जोडणी मिळाली नाही.
- ५० सेकंद: मायएसक्यूएलमध्ये दुसऱ्याने धरलेल्या ओळीच्या लॉकची वाट बघितली.
- ६० सेकंद: एनजिनएक्स या वेब सर्व्हरने मागच्या अॅप्लिकेशनची वाट बघून ५०४ (वेळ संपल्याची चूक) दिला.

हे सगळे मूळ सेटिंगचे आकडे आहेत. तुमच्याकडे कुणी बदलले असतील तर ते लिहून ठेवा. आकडा कधी ७, कधी १३, कधी २२ असा हलता असेल तर टाइमआउट नाही, काम खरोखरच हळू होतंय.

*पडताळा:* तुमच्या टेबलावरून तीच स्क्रीन, तोच खाते क्रमांक आणि तीच तारखेची मर्यादा टाकून बघा. वेगळ्या खात्यावर बघून "इथे तर चालतंय" म्हणणं ही नेहमीची चूक आहे. दहा नोंदींचं खातं आणि दहा वर्षं रोज पिग्मी भरणारं खातं यांचा उतारा सारख्या वेळात कसा येईल?

टप्पा २: त्रास नसताना करायची तयारी

हा टप्पा सगळे पुढे ढकलतात आणि नंतर तोच नडतो. चांगल्या दिवसाचे आकडे हाताशी नसतील तर वाईट दिवसाच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

घड्याळं जुळवा. सर्व्हर, डेटाबेस, राउटर आणि शाखेतली यंत्रं एकाच वेळेवर हवीत. लिनक्सवर क्रोनी, विंडोजवर विंडोज टाइम सर्व्हिस. काही लॉग जागतिक वेळेत लिहिले जातात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये असेच असतात. ११:२० ची तक्रार तिथे ०५:५० ला सापडते. हे माहीत नसलेला माणूस ११:२० च्या ओळी वाचत बसतो आणि "लॉगमध्ये काहीच नाही" असा निष्कर्ष काढतो.

वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळ घ्या. एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये विनंतीला किती वेळ लागला हे येतच नाही. लॉगच्या साच्यात दोन आकडे घालावे लागतात: एकूण वेळ आणि मागच्या अॅप्लिकेशनने घेतलेला वेळ. एकूण ९ सेकंद आणि अॅप्लिकेशनचे ०.३ सेकंद असतील तर उरलेला वेळ बहुतेक शाखेपर्यंतच्या वाटेत गेला. आयआयएसमध्ये "टाइम टेकन" हे कलम चालू आहे ना ते बघा.

हळू क्वेरींची नोंद चालू करा. मायएसक्यूएलची मर्यादा मूळ १० सेकंद असते, ती १ सेकंदावर आणा. शिवाय ही नोंद मुळात बंद असते, म्हणून आधी चालू करा. पोस्टग्रेसमध्येही कालमर्यादेची नोंद बंद असते, ५०० मिलिसेकंद ठेवा. पोस्टग्रेसचं क्वेरींची बेरीज ठेवणारं 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' लागू करायला डेटाबेस एकदा रीस्टार्ट करावा लागतो, त्यामुळे ते ऐन अडचणीत करता येत नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून अशीच बेरीज ठेवणारं क्वेरी स्टोअर आहे, ते डेटाबेसवर चालू करा.

यंत्राचे आकडे साठवा. प्रोमिथिअस (आकडे साठवणारं) आणि ग्राफाना (ते आलेखात दाखवणारं) लावता आलं तर उत्तम. प्रोमिथिअस मूळ सेटिंगमध्ये १५ दिवसांचाच डेटा ठेवतो, तो ४०० दिवसांवर न्या, म्हणजे या ३१ मार्चची तुलना मागच्या ३१ मार्चशी करता येईल. तेवढं जमत नसेल तर विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर दर १५ सेकंदांनी चार मोजमापं फाइलमध्ये लिहू शकतो: प्रोसेसर, मोकळी मेमरी, डिस्कच्या वाचन-लेखनाची सरासरी वेळ, आणि नेटवर्क. लहान संस्थेला हेही पुरतं.

सरासरीवर विसंबू नका. १०० व्यवहारांतले ९४ व्यवहार ०.४ सेकंदात आणि ६ व्यवहार १२ सेकंदांत झाले तर सरासरी १.१ सेकंद येते. कागदावर सगळं ठीक, पण ते सहा ग्राहक काउंटरवर उभेच. म्हणून वेळा चढत्या क्रमाने लावून ९५ व्या क्रमांकाचा आकडा बघा. इथे तो १२ येतो.

*पडताळा:* साधा सोमवार, महिन्याची १० तारीख, बाजाराचा दिवस आणि महिनाअखेर अशा चार दिवसांचे आकडे वेगळे ठेवले आहेत का? साखर कारखान्यात गळीत हंगामातला दिवस आणि हंगाम संपल्यानंतरचा दिवस यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

टप्पा ३: रीस्टार्टच्या आधीची पाच मिनिटं

रांग मोठी आहे, अध्यक्षांचा फोन येतोय, रीस्टार्ट करावंच लागणार. करा, पण आधी पाच मिनिटांत एवढं फाइलमध्ये साठवा:

१. यंत्राची स्थिती. लिनक्सवर टॉप कमांडचं एक चित्र आणि व्हीएमस्टॅट दर सेकंदाला असं ३० वेळा. विंडोजवर रिसोर्स मॉनिटरच्या चारही पानांचे स्क्रीनशॉट.
२. डेटाबेसमध्ये या क्षणी काय चाललंय. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी', मायएसक्यूएलमध्ये पूर्ण प्रोसेसलिस्ट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसपी हू टू'. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा.
३. जावा अॅप्लिकेशन असेल तर जेस्टॅकने थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, कोडच्या कोणत्या ओळीवर आहे त्याची यादी), तीन वेळा, दर दहा सेकंदांनी.
४. डिस्कवर किती जागा शिल्लक आहे.
५. अॅप्लिकेशनच्या लॉगच्या शेवटच्या हजार ओळी.

हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये बांधून डेस्कटॉपवर ठेवा, म्हणजे तुम्ही सुट्टीवर असतानाही कॅशियर डबल क्लिक करू शकेल.

*सावधान:* डॉटनेटच्या प्रोसेसचा पूर्ण मेमरी डंप टास्क मॅनेजरमधून घेता येतो, पण तो लिहून होईपर्यंत ती प्रोसेस थांबते. फाइलही प्रोसेसच्या मेमरीएवढी मोठी होते. डिस्कवर जागा नसेल तर घेऊ नका. त्या फाइलमध्ये खातेदारांची माहिती असते, ती व्हॉट्सअॅपवर व्हेंडरला पाठवू नका.

टप्पा ४: वेळ कोणत्या तुकड्यात जातोय

यंत्र ते नेटवर्क, वेब सर्व्हर, अॅप्लिकेशन, डेटाबेस. विनंती या साखळीतून जाते आणि परत येते. कारण शोधण्याआधी तुकडा ठरवा.

ब्राउझरमधलं अॅप्लिकेशन असेल तर एफ१२ दाबून नेटवर्कचं पान उघडा. पहिला बाइट येण्याआधीचा वेळ मोठा असेल तर दोष सर्व्हरच्या बाजूला. तो लहान आणि डाउनलोडचा वेळ मोठा असेल तर लाइन किंवा उत्तराचा आकार. कमांडवरून बघायचं तर कर्ल नाव शोधणं, जोडणी, सुरक्षित जोडणी, पहिला बाइट आणि एकूण असे पाच आकडे वेगळे देतं. तीच कर्ल सर्व्हरवर आणि शाखेत अशी दोन्हीकडे चालवा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे वाटेचा खर्च.

खरी गुंतागुंत डेस्कटॉप अॅप्लिकेशनमध्ये असते, आणि आपल्याकडे अजून तीच जास्त आहेत. शाखेतल्या यंत्रावरचं प्रोग्रॅम व्हीपीएनमधून थेट मुख्य कार्यालयाच्या डेटाबेसशी बोलतं. समजा उताऱ्याच्या स्क्रीनवर ३०० व्यवहार आहेत. प्रोग्रॅम आधी यादी आणतो आणि मग प्रत्येक व्यवहाराचा तपशील वेगळ्या क्वेरीने मागतो. एकूण ३०१ फेऱ्या. मुख्य कार्यालयातल्या लॅनवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर ०.१५ सेकंद. खानापुरातून फेरीला ३० मिलिसेकंद लागत असतील तर ९ सेकंद. क्वेरी तीच, सर्व्हर तोच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या टेबलावर हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून तो प्रामाणिकपणे सांगतो, "आमच्याकडे तर चालतंय."

इथे लाइन ५० एमबीपीएसवरून २०० वर नेली तरी जवळपास काहीच फरक पडत नाही. वेळ फेऱ्यांच्या संख्येने खाल्लाय, लाइनच्या रुंदीने नाही. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात अंतर हे कारणच नाही. पण दोन टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट असेल तर डेटाचं पाकीट मुंबई किंवा बेंगळुरूहून फिरून येऊ शकतं. ट्रेसराउट करून वाट बघा. दोन्ही टोकांना एकच कंपनी घेतल्याने फेरीचा वेळ घटला तर तोच सगळ्यात स्वस्त उपाय. पक्का उपाय म्हणजे ३०१ क्वेरींची एक करणं. व्हेंडर ते करेपर्यंत शाखेने रिमोट डेस्कटॉपने मुख्य कार्यालयातलं प्रोग्रॅम वापरावं, त्यात फक्त पडद्याचं चित्र प्रवास करतं.

आणखी एक फसवं लक्षण: लॉगिन होतं, लहान स्क्रीन उघडतात, मोठा रिपोर्ट मात्र कायमचा अडकतो. हे पाकिटाच्या आकाराचं दुखणं असतं. विंडोजवर पिंगला न तोडण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइटचं पाकीट पाठवा. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. शाखेची लाइन पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या प्रकारावर) असेल तर तिथे १४९२ च मावतात, म्हणजे पिंगला १४६४. व्हीपीएनची वेष्टणं त्यातून आणखी जागा घेतात. आकडा उतरवत जा, कुठे उत्तर मिळायला लागतं ते बघा आणि राउटरवर एमएसएसची (एका पाकिटात मावणाऱ्या डेटाची) मर्यादा त्याप्रमाणे लावा.

*पडताळा:* वायफायवर मोजू नका. केबल लावा, २०० पिंग पाठवा आणि किती गळतात ते बघा. शंभरात एक-दोन पाकिटं गळली तरी असं फेऱ्या मारणारं सॉफ्टवेअर लंगडायला लागतं.

वजनकाट्याबद्दल एक सूचना. "वजन यायला वेळ लागतो" या तक्रारीत सॉफ्टवेअर पुष्कळदा निर्दोष असतं. ट्रॉली हलत असेपर्यंत इंडिकेटर वजन स्थिर झाल्याचं सांगत नाही आणि प्रोग्रॅम त्याचीच वाट बघतो. इंडिकेटरवरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा एकाच व्हिडिओत घ्या, वाद मिटतो.

टप्पा ५: यंत्र तपासा

*प्रोसेसर.* लिनक्सवरचं लोड अॅव्हरेज (चालू आणि रांगेतल्या कामांची सरासरी) कोअरच्या संख्येशी ताडून बघा. ८ कोअरवर ६ ठीक, २ कोअरवर ६ म्हणजे रांग. पण लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघणाऱ्या प्रोसेसही मोजतो, म्हणून लोड २० आणि प्रोसेसर निवांत असं चित्र दिसू शकतं. तेव्हा व्हीएमस्टॅटमधलं 'डब्ल्यूए' हे कलम बघा. भाड्याच्या क्लाउड यंत्रावर 'एसटी' कलमही बघा. ते वाढलं म्हणजे तुमच्या वाटणीचा प्रोसेसर दुसरीकडे जातोय. विंडोज सर्व्हरवर पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड' असेल तर 'हाय परफॉर्मन्स' करा. अर्ध्या मिनिटाचं काम, पण कुणी बघत नाही.

*मेमरी.* लिनक्सच्या 'फ्री' कमांडमध्ये मोकळी मेमरी कमी दिसते म्हणून घाबरू नका, उरलेली कॅशसाठी वापरलेली असते. बघायचं ते 'अव्हेलेबल' कलम. स्वॅपमध्ये (मेमरी म्हणून वापरलेल्या डिस्कच्या भागात) सतत ये-जा चालू असेल तरच मेमरी खरोखर कमी आहे. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हरने सगळी मेमरी घेतलेली दिसते, तीही चूक नाही. त्याला मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. ऑपरेटिंग सिस्टमसाठी किमान ४ जीबी सोडून मर्यादा घालून द्या.

*सावधान:* मेमरी विकत घेण्याआधी एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती बघा. लहान संस्थांत बहुधा मोफत एक्स्प्रेस असते. २०१६ ते २०२२ या एक्स्प्रेस आवृत्त्या डेटासाठी १४१० एमबीच बफर मेमरी वापरतात, जास्तीत जास्त ४ कोअर घेतात आणि एक डेटाबेस १० जीबीच्या वर जाऊ देत नाहीत. त्या यंत्रात ६४ जीबी बसवलीत तरी डेटाच्या कॅशला काही फायदा नाही. १० जीबीची मर्यादा गाठली की नव्या नोंदी घेणंच थांबतं. डेटाबेस ८ जीबीला पोचला की त्याच आठवड्यात निर्णय घ्या.

*डिस्क.* वाचन किंवा लेखनाची सरासरी वेळ २० मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिली तर डिस्क अडचणीत आहे. एसएसडीवर ती १-२ मिलिसेकंदांच्या आसपास हवी. अचानक फक्त लेखन मंदावलं असेल तर रेड (आरएआयडी) कार्डची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डची, बॅटरी तपासा. ती मेली की कार्ड सुरक्षिततेसाठी कॅशमध्ये लिहिणं थांबवतं आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर जातं. हेस्कॉमची वीज वारंवार जाणाऱ्या भागात यूपीएस कमजोर असेल तर सर्व्हर धाडकन बंद पडतात आणि पुढे "वीज आल्यापासून स्लो आहे" अशी तक्रार येते. कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. रेड कार्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडल्याशिवाय हे कळत नाही, विंडोज काही सांगत नाही.

त्याच वेळी कोण डिस्क खातंय हेही बघा. रात्री दोनऐवजी दुपारी दोनला लागलेला बॅकअप आणि डेटाबेसच्या फाइली तपासणारा अँटिव्हायरस हे दोघे हमखास सापडतात. एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ, एनडीएफ आणि एलडीएफ फाइली अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

टप्पा ६: डेटाबेस

इथे आधी लॉक, मग क्वेरी. क्वेरी सुधारायला बसलेला माणूस ती दुसऱ्याची वाट बघत थांबली होती हेच विसरतो.

लॉक. 'एसपी हू टू' मध्ये 'बीएलके बाय' हे कलम असतं. ५२ क्रमांकाच्या जोडणीला ६१ ने अडवलंय, ६१ ला ७४ ने, अशी साखळी धरून मुळाशी जा. मुळाशी असलेल्याला कुणी अडवलेलं नसतं, तोच आपला माणूस. एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याची वाट बघतो आणि मोठा रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही अडवू शकतो. व्यवस्थापकांनी अकरा वाजता वर्षभराची थकबाकी यादी काढली आणि तिन्ही शाखांची काउंटरं थांबली, हे तसंच. 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' (वाचणाऱ्याला आधीची पक्की झालेली प्रत दाखवणारी सेटिंग) चालू केल्याने हे बरंच सुटतं, पण व्हेंडरला विचारून, चाचणीच्या प्रतीवर आधी. पोस्टग्रेसमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशा जुन्या जोडण्या शोधा. व्यवहार उघडून कुणीतरी चहाला गेलेलं असतं. अशा जोडण्या आपोआप तोडणारा टाइमआउट ५ मिनिटांचा लावा.

कोणती क्वेरी आधी. सगळ्यात हळू क्वेरी आधी घेऊ नका, एकूण वेळ सगळ्यात जास्त खाणारी घ्या. २० सेकंदांचा रिपोर्ट दिवसात दोनदा चालला तर ४० सेकंद. ०.२ सेकंदाची शिल्लक तपासणी दिवसात ४०,००० वेळा चालली तर ८,००० सेकंद. नोंदवहीत पहिली डोळ्यात भरते, दुसरी एक सेकंदाच्या मर्यादेखाली असल्याने दिसतच नाही. बेरजेचा तक्ता लागतो तो यासाठी.

इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) असूनही न वापरला जाणं. नेहमीची तीन कारणं. पहिलं, तारखेच्या कलमावर फंक्शन लावलेलं. "या कलमाची फक्त तारीख काढ आणि आजच्याशी ताड" असं लिहिण्याऐवजी "आज ००:०० पासून उद्या ००:०० च्या आधीपर्यंत" अशी मर्यादा द्या. दुसरं, दोन टेबलांतल्या कलमांचे प्रकार किंवा अक्षरसंच वेगळे. जुनं टेबल यूटीएफ८ मध्ये, नवं यूटीएफ८एमबी४ मध्ये असेल तर मायएसक्यूएल जोडताना रूपांतर करत बसतो. तिसरं, शोधाच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह. "पाटील कुठेही" असं शोधलं की साधा इंडेक्स उपयोगाचा नाही. "पाटीलने सुरू होणारं" असं शोधा, आणि पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी पॅटर्नचा वेगळा इंडेक्स करा, कारण स्थानिक भाषेच्या क्रमवारीवरचा साधा इंडेक्स तिथेही चालत नाही.

सीमाभागात नावांचा आणखी एक गुंता आहे. खातेदाराचं नाव कुणी मराठीत टाकलेलं, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत. मराठीतही 'कुऱ्हाडे' मधला ऱ्ह निरनिराळ्या कीबोर्डवर निरनिराळ्या कोडांनी उमटतो. पडद्यावर सारखाच, डेटाबेसला मात्र वेगळा. नाव सापडत नाही म्हणून प्रोग्रॅमर शोधताना प्रत्येक ओळीवर रूपांतराचं फंक्शन लावतो, आणि लाखभर खाती दर शोधाला पहिल्यापासून वाचली जातात. त्यापेक्षा शोधासाठी वेगळं कलम ठेवा. नोंद करतानाच नाव युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या एकसंध रूपात आणा, अदृश्य जोडचिन्ह असलेला र्‍ह बदलून एकच ठरलेलं रूप करा, इंग्रजी रूपही त्याच नोंदीत भरा आणि त्या कलमावर इंडेक्स करा. काउंटरवर खाते क्रमांक आणि मोबाईल हे शोधाचे पहिले पर्याय ठेवले तर हा भार आणखी उतरतो.

*सावधान:* पोस्टग्रेसमध्ये 'एक्स्प्लेन अॅनलाइझ' क्वेरी खरोखर चालवतं. अपडेट किंवा डिलीटवर लावायचं तर व्यवहार उघडून लावा आणि रोलबॅक करा, म्हणजे बदल मागे घ्या. तिथेच नवा इंडेक्स साध्या पद्धतीने बांधला तर तो होईपर्यंत त्या टेबलात नोंदी होत नाहीत, 'कन्करंटली' वापरा. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस आणि स्टँडर्डमध्ये चालू कामात इंडेक्स बांधायची सोय नाही, ते काम काउंटर बंद झाल्यावरच.

टप्पा ७: अॅप्लिकेशन

जोडण्यांचा पूल आधी बघा. हिकारीत मूळ १०, डॉटनेटमध्ये १००. पूल संपला म्हणून आकडा वाढवणं हा दुसरा रीस्टार्टच. जोडण्या का सुटत नाहीत ते शोधा. सगळ्यात वाईट नमुना असा: रक्कम जमा करायचा व्यवहार उघडला, ओळ लॉक केली, एसएमएस कंपनीला विनंती पाठवली, तिचं उत्तर आल्यावर व्यवहार पक्का केला. एसएमएस कंपनी २० सेकंद घेते तेव्हा ते लॉकही २० सेकंद टिकतं आणि पूल भरतो. एसएमएस व्यवहार पक्का झाल्यावर वेगळ्या रांगेतून जायला हवा, आणि बाहेरच्या प्रत्येक विनंतीला ३ ते ५ सेकंदांचा टाइमआउट हवा.

तीन थ्रेड डंप घेतले असतील तर एकच थ्रेड तिन्हींत एकाच ओळीवर उभा आहे का ते बघा. बरेच थ्रेड एकाच ओळीवर असतील तर कारण तिथेच आहे.

आयआयएसवर चालणाऱ्या अॅप्लिकेशनची एक खोड ओळखून ठेवा. २० मिनिटं कुणी वापरलं नाही की ते झोपतं, म्हणून सकाळची पहिली विनंती हळू. शिवाय मूळ सेटिंगमध्ये दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, ते नव्याने सुरू होतं. आज सकाळी सहाला, उद्या अकराला, परवा दुपारी चारला. "रोज वेगळ्या वेळी पाच मिनिटं अडकतं" या तक्रारीचं हे फार साधं उत्तर असू शकतं. झोपणं बंद करा आणि रीसायकलची वेळ पहाटे तीनला पक्की करा.

टप्पा ८: एका वेळी एक बदल

बदलाच्या आधी लिहा: काय बदलणार, कोणता आकडा किती व्हायला हवा, आणि परत कसं फिरवायचं. मग बदल, मग टप्पा २ मधल्या त्याच प्रकारच्या दिवसाशी तुलना. शनिवारी संध्याकाळी इंडेक्स टाकला, मेमरीची मर्यादा बदलली आणि राउटरही बदलला, तर सोमवारी सुधारलं तरी कशाने आणि बिघडलं तरी कशाने हे कुणालाच सांगता येणार नाही. अपेक्षित आकडा आला नाही तर बदल मागे घ्या. "असू दे, नुकसान तर नाही ना" म्हणून ठेवलेले इंडेक्स प्रत्येक नोंदीला ओझं होतात.

चाचणीच्या डेटाबेसमध्ये हजार खाती आणि खऱ्यात लाख असतील तर तिथली चाचणी काही सिद्ध करत नाही. बॅकअपवरून पूर्ण प्रत उभी करा, नावं आणि मोबाईल क्रमांक पुसा, मग मोजा. बॅकअप खरोखर परत उभा राहतो की नाही हेही त्याच वेळी कळतं.

टप्पा ९: अलार्म

सुरुवातीला पाचच ठेवा: जमा आणि नावे या दोन स्क्रीनचा ९५ वा आकडा सलग ५ मिनिटं ३ सेकंदांच्या वर, डिस्क ८५ टक्के भरली, कुणी कुणाला ६० सेकंदांहून जास्त अडवून ठेवलंय, चुकीच्या उत्तरांचं प्रमाण शंभरात एकाच्या वर, रात्रीचा बॅकअप झाला नाही. प्रोसेसर ९० टक्क्यांवर गेला याचा अलार्म लावू नका. महिनाअखेरीला व्याज आकारणी चालू असताना तो तिथेच असायला हवा, आणि रोज वाजणारा अलार्म तिसऱ्या दिवशी म्यूट होतो.

निरोपात शाखा, स्क्रीन, आकडा आणि पुरावा गोळा करणाऱ्या स्क्रिप्टचं ठिकाण असू द्या. तो दोन फोनवर जाऊ द्या, त्यातला एक व्हेंडरचा नको. देखरेखीचं यंत्र मुख्य सर्व्हरवर ठेवू नका. वेगळा लहान संगणक, वेगळा यूपीएस आणि शक्य तर वेगळी इंटरनेट लाइन द्या. नाहीतर सर्व्हर पडल्याची बातमी सर्व्हरलाच द्यावी लागेल, आणि ती तो देणार नाही.